"डिडन्ट वेन्ट" का चालत नाही, हे पोरांना मराठीतून कसं पटवायचं?

बार्शीची_ताई

नमस्कार मंडळी, मी घरी आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, सगळी सेमी इंग्लिशवाली. सध्या इंग्रजीतली नकारार्थी वाक्यं चालू आहेत आणि डोकं फिरायची वेळ आलीये. नियम सगळ्यांना पाठ आहे, "डिडनंतर क्रियापदाचं पहिलं रूप" हे पोरं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, पण वहीत बघावं तर "ही डिडन्ट वेन्ट टू स्कूल", "शी डिडन्ट केम", आणि सगळ्यात कहर म्हणजे "आय डिडन्ट माय होमवर्क", इथे तर क्रियापदच गायब! परवा एका पोराने मलाच अडवलं. म्हणाला, मॅडम आपण मराठीत "तो गेला नाही" म्हणतो, "तो जा नाही" असं कुठं म्हणतो, मग इंग्रजीत मधेच गो कशाला आणायचं, वेन्टच बरोबर वाटतंय की. पोरगं हुशार आहे आणि प्रश्न रास्त आहे. "इंग्रजीत असंच असतं बाळा" हे उत्तर द्यायला जीभ वळेना.

दुसरं म्हणजे हॅव. एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात "आय हॅवन्ट अ पेन" असं दिलंय आणि शाळेतले सर म्हणतात "आय डोन्ट हॅव अ पेन" लिहा. मग "आय हॅवन्ट ईटन" कसं काय चालतं? तिथे डोन्ट का नाही?

आणि वेळ असेल तर परीक्षेतल्या त्या "अर्थ न बदलता नकारार्थी करा" बद्दल पण कोणीतरी सांगा, त्यात पोरं सरळ नॉट घुसवून मोकळी होतात.

शॉर्टकट_शोधक

ताई सोप्पंय, वाक्यात आधीपासून ॲम इज आर वॉज वेअर, हॅव हॅज हॅड, विल शॅल कॅन मे मस्ट शुड वगैरे काही असेल तर त्याच्या मागे नॉट चिकटवा, काही नसेल तर डू डझ डिड आणा आणि मूळ क्रियापद नागडं करा. संपला विषय.

निवृत्त_मास्तर

शॉर्टकटराव, हॅवची एक अडचण सोडली तर नियम बरोबर सांगितलात पण ताईंनी नियम विचारलाच नाहीये, त्या पोराने जे विचारलं त्याचं उत्तर द्यायचंय.

ताई, त्या पोराला आधी शाबासकी द्या आणि मग त्याला फळ्यावर एक वाक्य द्या: "तो उद्या गावाला जाईल". ह्याचं नकारार्थी कर म्हणावं. तो काय लिहील? "तो उद्या गावाला जाणार नाही". त्याला विचारा, बाबा रे, जाईल कुठं गेलं? "जाईल नाही" का नाही लिहिलंस? म्हणजे नकार आला की क्रियापदाने आपलं रूप सोडायचं ही काही इंग्रजांची एकट्याची खोड नाही, आपण रोज करतो, फक्त आपल्याला ते दिसत नाही कारण ते आईच्या दुधाबरोबर आलंय. "जा" चं "जाऊ नको" होतं, "जा नको" होत नाही. "पाहिजे" चं तर अख्खं "नको" होतं, मूळ शब्दाचा मागमूसही उरत नाही.

आता खरी गंमत वर्तमानकाळात आहे, ती नीट बघा. मी जातो, तू जातोस, ती जाते, ते जातात. नकार केला की मी जात नाही, तू जात नाहीस, ती जात नाही, ते जात नाहीत. काय झालं? क्रियापदाच्या शेपट्या सगळ्या गळाल्या, मागे फक्त "जात" उरलं, आणि तू-चा स किंवा ते-चा त होता तो जाऊन नाहीला चिकटला. आता इंग्रजी ठेवा शेजारी. शी गोज, त्याचं शी डझन्ट गो. गोजच्या मागचा ज सुटला आणि डूला चिकटून त्याचं डझ झालं. अगदी तेच काम! "जातोस नाही" म्हणणारा माणूस आणि "डझन्ट गोज" म्हणणारा माणूस एकच चूक करतोय. हे एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा, माझा अनुभव असा की डझन्ट गोजवाली चूक ह्याने बऱ्यापैकी आटोक्यात येते.

मग भूतकाळात घोटाळा का होतो? कारण इथे दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि तुमच्या पोराने नेमकं तिथेच बोट ठेवलंय. मराठीत "गेला नाही, गेली नाही, गेले नाहीत" ह्यात झालेल्या गोष्टीची खूण क्रियापदावरच राहते, नाही बिचारं जसंच्या तसं, तेच जात नाही मधलं नाही. इंग्रजीत भूतकाळाची खूण डू उचलतो आणि डिड होतो. काळ एकाच ठिकाणी दाखवायचा, एकदा डिडने दाखवला की पुन्हा वेन्ट कशाला. पोरं इंग्रजीचा नियम विसरत नाहीत हो, ती मराठीचा नियम इमानदारीने पाळतात. त्यामुळे नियम पुन्हा पुन्हा घोकून ती चूक जात नाही.

अजून एक करून बघा. "ही वेन्ट" वर जोर द्यायचा झाला, म्हणजे समोरचा म्हणतोय तो गेलाच नाही आणि आपल्याला ठासून सांगायचंय की गेला होता, तर इंग्रज म्हणतो "ही डिड गो". म्हणजे वेन्टच्या पोटात डिड आणि गो दोघं आधीपासून बसलेलेच होते, नॉटला उभं राहायला खांब लागतो म्हणून डिड बाहेर आला एवढंच. प्रश्न विचारतानाही तेच, "डिड ही गो".

आणि "आय डिडन्ट माय होमवर्क" चं कारण साधं आहे, पोरांना वाटतं डिड म्हणजे "केला" हे एकदा आलंय की. तिथे दोन वेगळे डू आहेत हे सांगा. एक नुसता नकाराचा हमाल, दुसरा खरोखरचं "करणे". आय डिडन्ट डू माय होमवर्क. पोरांना ते तोतरं बोलल्यासारखं वाटतं म्हणून ती एक डू खातात.

कोकणी_बाणा

मास्तर लिहिलंय छान पण मला नाही पटत. आठवीच्या पोराला मराठीचं व्याकरण, मग इंग्रजीचं व्याकरण, मग दोन्हीची तुलना, एवढं डोक्यात भरलं तर परीक्षेत तो तुलनाच करत बसेल. आमच्या वेळी सरळ पन्नास वाक्यं लिहायला लावायचे, चुकलं की परत पन्नास, आपोआप हाताला वळण लागायचं. भाषा ही कानाने आणि हाताने येते, कारणं विचारून नाही. इंग्रजांची स्वतःची पोरं सुद्धा तिसऱ्या-चौथ्या वर्षी डिडन्ट वेन्ट म्हणतात म्हणे आणि मग आपोआप सुधारतात, त्यांना कोण जाईल आणि जाणार नाही समजावतं?

निवृत्त_मास्तर

बाणेराव, इंग्रजांची पोरं म्हणतात हे खरंय, पण ती दिवसभर इंग्रजी ऐकतात. बार्शीचं पोरगं दिवसभर "गेला नाही" ऐकतं, त्याच्या कानाला वळण लागणार ते मराठीचंच. वाक्यं लिहायला लावायला माझी ना नाही, लावाच, पण कुठे घसरतोय हे कळल्यावर लिहिलेली पन्नास वाक्यं आणि न कळता लिहिलेली पन्नास वाक्यं ह्यात फरक आहे.

आता हॅवचं बोलतो, ते राहिलं. हॅवची दोन कामं आहेत. "आय हॅव ईटन" मध्ये तो सहाय्यक आहे, खरं काम ईटनचं, म्हणून नॉट थेट त्यालाच लागतं, आय हॅवन्ट ईटन. "आय हॅव अ पेन" मध्ये तो स्वतःच मुख्य क्रियापद आहे, माझ्याकडे असणे, म्हणून त्याला बाकीच्यांसारखा डू लागतो, आय डोन्ट हॅव अ पेन. तुमच्या जुन्या पुस्तकातलं "आय हॅवन्ट अ पेन" चूक नाही, ती जुनी ब्रिटिश पद्धत आहे, आता "आय हॅवन्ट अ क्लू" असल्या ठराविक बोलण्यात उरलीये. तिकडे "आय हॅवन्ट गॉट अ पेन" मात्र अजून सर्रास बोलतात. पोरांना डोन्ट हॅवच शिकवा. हॅव टू ला पण डोन्टच, आणि तिथे अर्थाचा खड्डा आहे: "यू मस्ट नॉट गो" म्हणजे जायचं नाही, बंदी आहे, आणि "यू डोन्ट हॅव टू गो" म्हणजे जायची गरज नाही, हवं तर जा. होकारात मस्ट आणि हॅव टू जवळपास सारखे, नकारात दोघांची तोंडं दोन दिशांना.

डूची ही सक्ती पूर्वी नव्हती बरं का. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचा इंग्रज सरळ "आय नो नॉट" म्हणायचा, म्हणजे आपल्या "जाणत नाही" सारखंच, नकार क्रियापदाच्या मागे. त्याच्याही आधी जुन्या इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी लागायचा, "ने" असा छोटासा शब्द. तो बोलण्यात झिजला म्हणून जोराला मागे नॉट आला, मग ने गळाला, मग डू शिरला, मग नॉट पण झिजून नुसता "न्ट" राहिला. नकार झिजतो, त्याला टेकू देतात, टेकूच मग नकार होतो, हे चक्र ऑटो येस्पर्सन नावाच्या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये मांडलं, फ्रेंचमध्येही हेच झालंय. सोळाव्या-सतराव्या शतकात डू पसरत गेला, आणि नो सारखी काही क्रियापदं बराच काळ अडून बसली. हे पोरांना सांगायची गरज नाही, मला सांगायचा मोह आवरला नाही.

नाइटशिफ्ट_पुणेकर

लिहिण्यातलं ठीक आहे पण बोलण्यातलं पण शिकवा ताई, मी अमेरिकन कस्टमरशी फोनवर बोलतो आणि आमच्या ट्रेनिंगमध्ये ह्यावर एक अख्खा दिवस जातो. कॅन आणि कान्ट! ब्रिटिश माणूस कान्ट म्हणतो, आ लांब, त्यामुळे लगेच कळतं. अमेरिकन म्हणतो कॅन्ट आणि शेवटचा ट जवळजवळ गिळतो. मग ओळखायचं कसं, तर होकारात कॅन वर जोरच नसतो, "आय कन डू इट" असं पटकन उरकतात, आणि नकारात कॅन वर जोर पडतो, "आय कॅन डू इट" असं स्पष्ट ऐकू आलं तर समजायचं शेवटी एक गिळलेला ट आहे. आपली मराठी माणसं नेमकं उलट करतात, "येस सर आय कॅन डू" असं कॅनवर दणकून जोर देऊन बोलतात आणि समोरच्याला नकार ऐकू येतो. नवीन पोरांना आमचा ट्रेनर सांगतो शंका वाटली तर कॅनॉट म्हणा, अख्खं. (आणि हो कॅनॉट लिहिताना एकच शब्द, डू नॉट विल नॉट सारखा तोडायचा नाही.)

अजून एक, हो आणि नाही. कस्टमर विचारतो "सो यू हॅवन्ट शिप्ड इट?" आणि आपला माणूस म्हणतो "येस". आपल्या डोक्यात "हो, पाठवलं नाहीये". आपण समोरच्याच्या म्हणण्याला हो म्हणतो. इंग्रजीत येस म्हटलं की मागे होकारार्थी वाक्यच येणार, येस आय हॅव, नो म्हटलं की नो आय हॅवन्ट. ते समोरच्याच्या वाक्याकडे बघत नाहीत, वस्तुस्थितीकडे बघतात. आता कस्टमरला वाटतं माल निघाला. पुढची भांडणं तुम्हीच इमॅजिन करा.

मुक्ता_पी

पुणेकर +१. ऑफिसच्या ईमेलमध्ये माझी चिडचिड होते ती "वी डिडन्ट रिसीव्ह्ड द फाईल" वर, पण नुसता रिसीव्ह केला तरी काम भागत नाही. मराठीत "फाईल मिळाली नाही" हे एकच वाक्य दोन्हीकडे चालतं. "काल मिळाली नाही" असेल तर वी डिडन्ट रिसीव्ह इट येस्टरडे. "अजून मिळाली नाहीये" असेल तर वी हॅवन्ट रिसीव्ह्ड इट येट, आणि इथे मात्र रिसीव्ह्डच, कारण मागे हॅव आहे. "तोपर्यंत मिळाली नव्हती" ला हॅडन्ट रिसीव्ह्ड. नाही, नाहीये, नव्हती हे कान देऊन ऐकलं तर आपल्याला डिडन्ट, हॅवन्ट, हॅडन्टचा फरक आधीच माहिती असतो, फक्त लिहिताना आपण सगळ्याचं डिडन्ट करून टाकतो.

आणि दोन-तीन सहाय्यक असतील तेव्हा नॉट पहिल्याच्या मागे. पेमेंट हॅज नॉट बीन मेड. हॅज बीन नॉट मेड असं लिहिणारे आमच्याकडे सीनियर लोक आहेत!

डब्लिनवासी_दादा

इथे आयर्लंडमध्ये एक मजेशीर प्रकार आहे. शाळेत आपल्याला सांगतात की इज नॉटचं इझन्ट होतं, आर नॉटचं आरन्ट होतं, पण ॲम नॉटचं काहीच होत नाही, फक्त आयम नॉट. इथली आयरिश माणसं आणि स्कॉटलंडची पण बिनधास्त "ॲमन्ट" म्हणतात, "आयम राईट, ॲमन्ट आय?". इंग्लंड-अमेरिकेत त्या जागी "आरन्ट आय" म्हणतात, जे तर्काने बघितलं तर जास्तच विचित्र आहे कारण आय आर कोणीच म्हणत नाही. माझी मुलगी शाळेतून ॲमन्ट घेऊन आली तेव्हा बायकोने तिला आरन्ट करून दिलं, मी म्हटलं राहू दे की, गावाची भाषा आहे.

वोन्ट बद्दल पण पोरं विचारतात, विल नॉटचं विलन्ट का नाही. मध्ययुगीन इंग्रजीच्या काही बोलींत विलला वोल म्हणायचे, त्या वोल नॉटचं वोन्ट झालं आणि टिकलं.

बार्शीची_ताई

मास्तर, जाईल आणि जाणार नाही वालं काल वर्गात करून बघितलं. तो पोरगा आधी गप्पच झाला आणि मग म्हणाला, म्हणजे मॅडम मराठी पण अवघडच आहे की! डझन्ट गोज आज एकाच वहीत दिसलं. डिडन्ट केम अजून तीन वह्यांत आहे, त्याला कोकणी बाणा म्हणतात तसं लिहूनच घ्यावं लागणार बहुतेक, दोन्ही करते. मुक्ता, तुमचं नाहीये-नव्हतीवालं पण वापरणार आहे.

परीक्षेतलं कोणीतरी सांगा ना.

निवृत्त_मास्तर

सांगतो. तिथे आधी पोरांच्या डोक्यातून हे काढा की नकारार्थी करायचं म्हणजे उलटा अर्थ करायचा. अर्थ तोच ठेवायचा आहे, म्हणून दोन उलटे एकमेकांना कापतात. "ही इज रिच" चं "ही इज नॉट रिच" केलं की शून्य मार्क, "ही इज नॉट पुअर" पाहिजे. तसंच "ऑलवेज रिमेंबर" चं "नेव्हर फरगेट". नेव्हर हा स्वतःच नकार आहे, त्याच्यासोबत पुन्हा डझन्ट लावायचा नाही.

इथे आपल्या पोरांना मराठी पुन्हा आडवी येते, कारण मराठीत "कोणीच आलं नाही", "काहीच कळलं नाही" असंच म्हणावं लागतं, नाही लावावंच लागतं. इंग्रजीत नोबडी आला की नकार पूर्ण झाला, नोबडी केम, डिडन्ट नको. "आय डोन्ट नो नथिंग" गाण्यांत ऐकू येतं, परीक्षेत लाल रेघ येते.

बाकी ठराविक साचे आहेत, आपल्याकडे वर्षानुवर्षं तेच फिरतात. "टू वीक टू वॉक" चं "सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक". "ओन्ली" आणि पुढे माणूस असेल तर "नन बट", वस्तू असेल तर "नथिंग बट". "मस्ट" चं "कॅनॉट बट". "एव्हरी मदर लव्ह्ज हर चाइल्ड" चं "देअर इज नो मदर हू डझ नॉट लव्ह हर चाइल्ड", इथे लव्ह्जचा ज पुन्हा डझ कडे गेला बघा. आणि सगळ्यांचं लाडकं "ॲज सून ॲज". "ॲज सून ॲज द थीफ सॉ द पोलीस, ही रॅन अवे" चं "नो सूनर डिड द थीफ सी द पोलीस दॅन ही रॅन अवे". निम्मी मुलं इथे "डिड द थीफ सॉ" लिहून मार्क घालवतात आणि उरलेल्यांतली काही डिड आलाय म्हणून दॅनच्या पुढचं रॅन पण रन करून टाकतात. डिडची सत्ता त्याच्या स्वतःच्या तुकड्यापुरतीच, दॅनच्या पलीकडे त्याचं काही चालत नाही.

कोकणी_बाणा

हे साचे पाठ करायला सांगताय म्हणजे शेवटी पाठांतरच ना मास्तर 😄

निवृत्त_मास्तर

साचे पाठच करायचे असतात, मी कुठे नाही म्हटलं.

बार्शीची_ताई

अजून एकच, मग नाही त्रास देत. "तो येत नाही तोपर्यंत मी जेवणार नाही" ह्याचं आमच्या एकीने "आय वोन्ट ईट अनटिल ही डझन्ट कम" केलंय. सहाय्यक बरोबर, रूप बरोबर, तरी कानाला खटकतंय.

मुक्ता_पी

डझन्ट काढा, अनटिल ही कम्स. मराठीत तोपर्यंतच्या आधी नाही लागतंच, इंग्रजीत अनटिलच्या पुढे लागत नाही. अनलेसचं पण तसंच, "अनलेस यू डोन्ट स्टडी" लिहितात, अनलेसमध्येच "नाही तर" आलंय, अनलेस यू स्टडी एवढंच. ह्या दोघांवर वेगळी दहा-दहा वाक्यं करून घ्या, आमच्या ऑफिसात इंजिनिअर झालेली माणसं पण "अनटिल वी डोन्ट गेट अप्रूव्हल" लिहितात.